सहा टायरवरचं वन आरके

फ्लॅट बघायला गेलो की आपण काय काय बघतो? किचनचा ओटा, बाथरूमच्या टाइल्स, पाणी किती वाजता येतं, बाल्कनीतून डोंगर दिसतो की शेजारच्या विंगमधले वाळत घातलेले कपडे. पाया मात्र कुणी बघत नाही. तो बिल्डरवर सोडलेला असतो. मोटरहोम घेणाऱ्यांचंही अगदी असंच होतं. फरक एवढाच, की फ्लॅटचा पाया जागचा हलत नाही. मोटरहोमचा पाया ताशी शंभर किलोमीटरने पळत असतो, आणि तो रबराचा असतो!

अमेरिकेत आरव्ही म्हणतात ते हेच. चाकांवरचं घर. त्यात बेड आहे, शेगडी आहे, फ्रिज आहे, टॉयलेट-शॉवर आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर वन आरके, फक्त सोसायटीची कटकट नाही. सकाळी ज्या खिडकीतून डोंगर दिसला, त्याच खिडकीतून संध्याकाळी नदी. आयडिया एकदम भारी आहे, वादच नाही. पण या घराचे जे सहा टायर असतात, त्यांच्याबद्दल ब्रोशरमध्ये एक ओळ नसते. त्यांची गोष्ट कळायला मला कॅलिफोर्नियाचं वाळवंट बघावं लागलं.

वहिनींचा कुकर आणि मामांची नजर

जानेवारी २०२५ मध्ये मी कंपनीच्या कामासाठी तीन महिने लॉस एंजेलिसजवळ होते. माझा मामेभाऊ तिथेच राहतो. त्याने आणि वहिनींनी नुकतंच एक सेकंडहॅण्ड मोटरहोम घेतलं होतं. २०१६चं मॉडेल, ‘क्लास सी’ प्रकारातलं. म्हणजे पुढे फोर्ड ई-४५० व्हॅनची केबिन, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा बेड आणि मागे घर. पुढे दोन टायर, मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन. गाडी फिरली होती जेमतेम एकवीस हजार मैल. दादा सगळ्यांना हेच कौतुकाने सांगायचा, ‘‘बघ ना, टायरची नक्षीसुद्धा झिजलेली नाही.’’

त्याच वेळी मामा-मामी साताऱ्याहून तिकडे गेले होते. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. आम्ही पाचजण चार दिवसांची सुट्टी काढून ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला निघालो. वहिनींनी कुकर, पोळपाट-लाटणं, दहा किलो तांदूळ, लोणच्याच्या बरण्या, सगळं भरलं. दादाने पाण्याची टाकी फुल्ल केली. टायरमधली हवा? ‘‘डीलरने सगळं चेक करून दिलंय,’’ असं तो म्हणाला.

आपला रस्ता इंटरस्टेट १०. लॉस एंजेलिसची गर्दी संपली की सॅन गॉर्गोनिओ खिंडीत पवनचक्क्यांचं जंगल लागतं. वारा इतका, की मोटरहोमसारखी उंच गाडी बाजूला ढकलली जाते आणि दादाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. मग पाम स्प्रिंग्ज, खजुराच्या बागा आणि इंडिओ. इंडिओ समुद्रसपाटीपेक्षाही किंचित खाली आहे. तिथून रस्ता एकदम चढायला लागतो आणि जवळजवळ सव्वापाचशे मीटर उंचीवरच्या चिरियाको समिटला पोचतो. इंडिओ ते ब्लाइथ हा साधारण शंभर मैलांचा पट्टा निव्वळ वाळवंटाचा. हिवाळ्यात ऊन कोवळं असतं, रंग सुंदर दिसतात. पण गाव असं नाहीच. मध्ये डेझर्ट सेंटर नावाचं ठिकाण लागतं, तेही जवळपास ओस पडलंय.

चिरियाको समिट म्हणजे १९३३ पासून चालू असलेला एक थांबा. पेट्रोलपंप, कॅफे आणि शेजारी जनरल पॅटनच्या नावाचं म्युझियम. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, पॅटनने याच भागात रणगाड्यांच्या सैन्याला वाळवंटातल्या लढाईचं ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली होती. म्युझियमबाहेर जुने रणगाडे ओळीने उभे आहेत. मी फोटो काढत होते, मामी कॅफेत चहा म्हणून जे मिळालं ते संशयाने बघत होत्या. मामा मात्र मोटरहोमभोवती फेरी मारत होते. त्यांनी कुठूनतरी लाकडाचा एक दांडका पैदा केला होता, आणि ते टायर ठोकत होते.

तुम्ही घाटात हे बघितलं असेल. ट्रक थांबला की क्लीनर उतरतो आणि टॉमी घेऊन एकेक टायर ठोकत जातो. भरलेला टायर ‘टण्ण’ वाजतो, बसलेला ‘भद्द’. मागच्या डाव्या जोडीतला आतला टायर भद्द वाजला. मामांनी परत ठोकला. परत भद्द.

‘‘अरे, आत हवाच नाहीये,’’ मामा म्हणाले.

‘‘बाबा, गाडी तर एकदम स्मूथ चाललीय,’’ दादा म्हणाला.

‘‘चालणारच. बाहेरचा उचलतोय ना दोघांचं वजन. किती वेळ उचलेल?’’

जोडीतला आतला

इथे थोडं थांबू या, कारण नवीन मोटरहोमवाल्यांना ही गोष्ट सगळ्यात उशिरा कळते. कारचा टायर पंक्चर झाला की गाडी एका बाजूला झुकते, स्टिअरिंग ओढलं जातं. आपल्याला लगेच कळतं. जोडचाकांत एक टायर बसला तर ड्रायव्हरला काहीच कळत नाही. दुसरा टायर गुपचूप सगळा भार घेतो. बसलेला टायर मात्र फिरतच राहतो, त्याच्या बाजू दर फेरीला दुमडतात आणि तापतात. कधी वरचा पट्टा सुटून निघतो आणि खालची वायरिंग, पाइप, जमीन फोडतो. कधी तो शेजाऱ्याला घासून पेटतोसुद्धा. आणि भार घेणारा बाहेरचा टायर केव्हातरी हार मानतो. मग एका बाजूचे दोन्ही गेले.

‘पण डॅशबोर्डवर लाइट लागत नाही का?’ असं मीही विचारलं. याची गोष्ट इंटरेस्टिंग आहे. अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने पासष्ट लाख टायर परत मागवले. टायरचा पट्टा सुटून गाड्या उलटण्याचे अपघात त्यामागे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा कायदा झाला, आणि सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या हलक्या गाड्यांत टायरची हवा कमी झाली की सांगणारी सिस्टीम सक्तीची झाली. पण हा नियम दहा हजार पौंडांपर्यंतच्या गाड्यांना आहे, आणि जोडचाकांच्या गाड्या त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे ज्या गाडीला या लाइटची सगळ्यात जास्त गरज, तिच्यातच तो नसू शकतो. बाहेरून सेन्सर विकत घेऊन व्हॉल्व्हवर बसवता येतात. दादाच्या गाडीला नव्हते.

‘तुमचं वाहन या प्लॅनमध्ये नाही’

दादा निवांत होता. त्याच्याकडे रोडसाइड असिस्टन्स होता ना! कारच्या विम्यासोबतच घेतलेला. फोन लावला. पंचवीस मिनिटं म्युझिक ऐकलं. मग पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं, की हा प्लॅन कारपुरता आहे, मोटरहोम त्यात बसत नाही. आत्ता नवा प्लॅन घेतला तरी तो आजच्या आज लागू होणार नाही.

पर्याय दोन. एक, तसंच पुढे जायचं. ब्लाइथ सत्तरएक मैल. दोन, तिथेच थांबून पदरच्या पैशाने टायरवाला बोलवायचा. रविवार होता, दुपारचे दोन वाजले होते. दादाचं मन पुढे ओढत होतं. ‘‘हळूहळू गेलो तर?’’ असं तो दोनदा म्हणाला. मागच्या बेडवर मामी बसणार होत्या, बरोबर त्या टायरच्या वर. वहिनींनी फक्त एवढंच म्हटलं, ‘‘आई जिथे बसणार तिथे आधी तू बस, मग ठरव.’’ विषय संपला.

इंडिओहून येणारा मोबाइल टायरवाला मिळाला. फोनवर त्याने जे प्रश्न विचारले, ते मी फोनमध्ये लिहून ठेवलेत. टायरचा साइज काय? लोड रेंज काय? पुढचा की मागचा, आतला की बाहेरचा? रिम स्टीलचा की ॲल्युमिनियमचा? गाडीचं वजन किती? स्पेअर आहे का? गाडी पक्क्या जमिनीवर उभी आहे का? आणि तुम्ही नेमके कुठे आहात? शेवटचा प्रश्न आम्हाला सोपा होता, चिरियाको समिट. रस्त्याच्या कडेला, दोन ओसाड फाट्यांच्या मध्ये असतो तर?

अडीच तासांनी तो आला. ट्रकवर कॉम्प्रेसर, जाडजूड जॅक, हवेवर चालणारा पाना. टायर काढला तर आतल्या बाजूने पट्ट्यावर फुगा आलेला आणि बाजूला बोटभर लांब भेगा. नक्षी मात्र नव्यासारखी! मग तो गाडीखाली आडवा झाला आणि टॉर्च मारून एकेका टायरवरचा नंबर वाचून दाखवू लागला. ३५१५, ३५१५, ३४१५...

‘‘हे टायर झिजले नाहीत,’’ तो हसत म्हणाला, ‘‘म्हातारे झालेत.’’

टायरची पत्रिका

हाच तो खरा फण्डा. टायरवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे ही टायरची जन्मतारीख. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५१५ म्हणजे २०१५ सालचा पस्तिसावा आठवडा. दादाचे टायर दहाव्या वर्षात होते. मेख अशी, की हा पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असू शकतो, आणि ती बाजू आत असली तर गाडीखाली शिरल्याशिवाय दिसत नाही.

रोज ऑफिसला जाणाऱ्या कारचे टायर वय होण्याआधी झिजतात. मोटरहोमचं उलटं. वर्षातले दहा-अकरा महिने ते उन्हात उभं. टायरच्या रबरात मेणासारखी द्रव्यं घातलेली असतात. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येतात आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला जपतात. उभ्या टायरला हे संरक्षण मिळत नाही. ऊन आणि ओझोन त्याला आतून-बाहेरून कडक करत जातात, बाजूंना बारीक भेगा पडतात. म्हणजे ‘कमी फिरलेली गाडी’ ही जाहिरातीत चांगली वाटणारी गोष्ट टायरच्या बाबतीत वाईट बातमी असू शकते. काही गाडी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. टायर कंपन्यांपैकी अनेकजण पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि जास्तीत जास्त दहा वर्षं अशी मर्यादा सांगतात. मोटरहोमवाले अनुभवी लोक पाच ते सात वर्षांतच बदलून मोकळे होतात.

टायरवाल्याकडे त्या साइजचा एकच टायर शिल्लक होता. तो बसवला आणि आम्ही पुढे न जाता मागे वळलो. उजव्या लेनमधून, ताशी पंचेचाळीस मैलांनी, इंडिओचा उतार. मामा खिडकीतून आरशात मागच्या चाकाकडे बघत बसलेले, मामी पुढच्या सीटवर. तीस मैलांना एवढा वेळ कधी लागला नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी इंडिओत बाकीचे पाचही बदलले. सहा टायरचे, बसवणावळ आणि रविवारची फेरी धरून, पंधराशे डॉलरच्या वर गेले. दादाचा चेहरा उतरला होता. पण काढलेल्या टायरचा ढीग बघितल्यावर तो गप्प झाला. पुढच्या डाव्या टायरलाही तशीच भेग होती. आणि मोटरहोमचा पुढचा टायर फुटला, तर स्टिअरिंगच हातातून जातं.

तांदळाचं पोतं आणि वजनकाटा

इंडिओ सोडण्याआधी टायरवाल्यांच्या सल्ल्याने आम्ही ट्रक स्टॉपवर वजन केलं. अमेरिकेत हायवेलगतच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर ‘कॅट स्केल’ नावाचे काटे असतात. गाडी अशी उभी करायची, की पुढची चाकं एका पट्टीवर आणि मागची दुसऱ्या पट्टीवर. दोन्हींचं वेगळं वजन छापून मिळतं. एका साध्या जेवणाच्या पैशात काम होतं.

याची गरज काय, ते आकड्यांत बघा. अशा ई-४५० वरच्या मोटरहोमची वजनाची कमाल मर्यादा १४,५०० पौंड, म्हणजे साधारण ६,५८० किलो. टायर एलटी २२५/७५ आर १६, लोड रेंज ई. हा टायर एकटा असेल तर ८० पीएसआय हवेला १,२१५ किलो उचलतो. जोडीत बसला की १,१२० किलोच. म्हणजे पुढचे दोन आणि मागचे चार मिळून ६,९१० किलो. गाडी भरून मर्यादेला टेकली, की सहा टायरकडे मिळून सव्वातीनशे किलोच्या आसपासच जागा शिल्लक राहते. तीही सगळ्या टायरमध्ये हवा पूर्ण असेल आणि वजन सारखं वाटलेलं असेल तर. एका बाजूला किचन, फ्रिज आणि पाण्याची टाकी आली, की हिशोब बिघडला. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. त्यात पाच माणसं, कुकर, तांदूळ, लोणची...

आमचं वजन मर्यादेच्या आत निघालं, पण मागची चाकं मर्यादेच्या अगदी जवळ. वहिनींनी न सांगता पाण्याची टाकी अर्धी रिकामी केली. तांदळाला मात्र हात लावू दिला नाही.

हवेचंही गणित असतं. हवा नेहमी टायर थंड असताना मोजायची, म्हणजे सकाळी निघण्याआधी. साधारण साडेपाच अंश सेल्सियस तापमान वाढलं, की प्रेशर दोन टक्क्यांच्या आसपास वाढतं. वाळवंटात पहाटे पाच अंश आणि दुपारी वीस, म्हणजे उभ्या गाडीतसुद्धा ८० चे ८५ होतात. चालताना आणखी वाढतात. अनेकजण दुपारी हा आकडा बघून घाबरतात आणि हवा सोडतात. सोडू नका! टायर बनवणाऱ्याने ही वाढ धरलेली असते. सोडलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कमी हवेवर निघाल. आणि टायरचा खरा शत्रू कमी हवाच. राहिला मामांचा दांडका. तो पूर्ण बसलेला टायर पकडतो. पंधरा-वीस पीएसआय कमी असेल तर त्याला कळत नाही. त्यासाठी ट्रकचा चांगला गेज हवा, आणि आतल्या टायरपर्यंत पोचणारी व्हॉल्व्हची नळी घट्ट हवी. आमच्या टायरमधली हवा तिथूनच गळत होती.

वाळवंटातलं गाव, टोप्या घातलेले टायर

सोमवारी दुपारी ब्लाइथला कोलोरॅडो नदी ओलांडली आणि सतरा मैलांवर क्वार्ट्झसाइट. एरवी हे काही हजार वस्तीचं गाव. पण हिवाळ्यात उत्तरेकडच्या थंडीतून पळालेले मोटरहोमवाले इथे हजारोंनी येतात. गावाबाहेरची सरकारी जमीन १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशी मुक्कामाला खुली असते. परमिट घ्या आणि राहा. वीज नाही, नळ नाही. आजूबाजूच्या काही जागांवर चौदा दिवस फुकट राहता येतं. क्षितिजापर्यंत पांढरी घरं, सोलर पॅनल, खुर्च्या टाकून बसलेले आजी-आजोबा आणि संध्याकाळी शेकोट्या. पंढरपूरच्या वारीतले तंबू आठवावेत अशी वस्ती, फक्त इथे प्रत्येकाला आपापला फ्रिज आहे.

मला मात्र आता वेगळंच दिसत होतं. बहुतेक घरांच्या टायरवर पांढरे कव्हर. उन्हात बसवलेल्या बाळाला टोपी घालतात तसे! दोन दिवसांपूर्वी मी ते डेकोरेशन समजले असते.

गावात एक गंमतशीर पिरॅमिड आहे, वर धातूचा उंट. ती हाजी अली नावाच्या उंटवाल्याची कबर. अमेरिकन लष्कराने १८५०च्या दशकात वाळवंटात सामान वाहायला उंट आणले होते, आणि त्यांच्यासोबत तो १८५६ मध्ये आला. स्थानिकांनी नावाचं ‘हाय जॉली’ करून टाकलं. १९०२ मध्ये तो इथेच वारला. स्मारक १९३५ मध्ये राज्याच्या हायवे खात्याने बांधलं. रस्ते बांधणाऱ्या खात्याने उंटवाल्याची आठवण ठेवावी, हे मला फार आवडलं. मामा तिथे बराच वेळ उभे होते. म्हणाले, ‘‘उंटाला निदान पंक्चरची भीती नाही.’’

संध्याकाळी शेजारच्या मोटरहोममधले एक रिटायर्ड जोडपं गप्पा मारायला आलं. ते चौदा वर्षं फिरतायत. त्यांच्याकडून जे शिकलो ते खरं ‘नॉलेज’. रोडसाइड असिस्टन्सच्या कंपन्या बऱ्याच आहेत. गुड सॅम आणि कोच-नेट खास आरव्हीवाल्यांसाठी प्रसिद्ध. एएएच्या मेंबरशिपमध्ये आरव्हीसाठी वेगळा, वरचा प्लॅन घ्यावा लागतो. पण नावापेक्षा प्रश्न महत्त्वाचे. माझ्या गाडीची लांबी आणि वजन बसतं का? टोइंग किती मैल, की जवळच्या गॅरेजपर्यंत? कच्च्या रस्त्यावर येणार का? हा प्रश्न क्वार्ट्झसाइटला फारच मोलाचा, कारण बऱ्याच प्लॅनमध्ये पक्का रस्ता सोडला की मदत संपते. टायर फुटला तर नवा टायर आणून देणार का? देतात, पण टायरचे पैसे आपले. त्यांची जबाबदारी माणूस पाठवण्याची. आणि मोठ्या मोटरहोममध्ये बहुतेक वेळा स्पेअर नसतोच!

त्या आजोबांची आणखी एक सवय मी उचलली. कुठेही थांबले, पाणी प्यायला का होईना, की ते प्रत्येक टायरजवळ हाताचा पंजा नेतात. एक टायर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला की काहीतरी बिनसलंय. हल्ली इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो, त्याने आकडाच कळतो. दादाने तो लगेच ऑर्डर केला. आणि त्याच रात्री, शेकोटीजवळ बसून, आरव्हीचा प्लॅनही घेतला.

परतीच्या वाटेवर चिरियाको समिटला आम्ही पुन्हा थांबलो नाही, गरजच पडली नाही. दर दोन तासांनी मामा उतरत, दादा गेज लावी, मामा दांडका. बाप-लेकांची ही नवी ड्युटी वहिनींनी फोटोत पकडलीय.

आपल्याकडेही चाकावरची घरं येऊ लागलीत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. भाड्याने मिळणाऱ्या कॅरॅव्हॅनच्या जाहिराती तुम्हीही बघितल्या असतील. बेड किती मऊ आणि वाय-फाय आहे का, हे त्यात असतं. बुकिंग करताना टायर कुठल्या सालचे आहेत, स्पेअर आहे का आणि रात्री दोन वाजता माळशेजला अडकलो तर कोण येणार, हेही विचारा. उत्तर द्यायला जो अडखळेल, त्याची गाडी घेऊ नका. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाला टायर तपासायची मोहीम काढावी लागली. सिमेंटचा सरळ, तापलेला रस्ता आणि पळणारी गाडी. तिथे जुन्या टायरला दयामाया नसते, मग ते वाळवंट कॅलिफोर्नियातलं असो वा ऊन विदर्भातलं.

निघण्याआधी

• सहाही टायरची तारीख वाचा. आतल्या दोघांची वाचायला टॉर्च घ्या. तारखांचा फोटो फोनमध्ये ठेवा.

• गाडी पूर्ण भरून, माणसांसकट, वजन करा. पुढचं आणि मागचं वेगळं. त्या वजनाला किती हवा हवी, हे टायर कंपनीच्या तक्त्यात बघा.

• हवा सकाळी, गार टायरला. दुपारी वाढलेली हवा सोडू नका.

• मदतीच्या फोनसाठी एक कागद डॅशबोर्डवर चिकटवा : टायरचा साइज, लोड रेंज, गाडीची लांबी, उंची, वजन, प्लॅनचा नंबर.

• जागा सांगताना रस्त्याचा नंबर, कुठल्या दिशेने जाताय, शेवटचा एक्झिट किंवा मैलाचा दगड सांगा. नेटवर्क नसलं तरी फोनचा जीपीएस अक्षांश-रेखांश दाखवतो. ते लिहून ठेवा.

• चालताना टायर फुटला, तर ब्रेकवर उडी मारू नका. स्टिअरिंग घट्ट आणि सरळ, वेग आपोआप उतरू द्या, मगच कडेला या. शक्य तितकं रस्त्यापासून लांब. माणसं रहदारीच्या उलट बाजूने उतरवा.

• मोटरहोम समतल करायला जे जॅक असतात, ते टायर बदलण्यासाठी नसतात. त्यांच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

• टायर बदलल्यावर पन्नास ते शंभर मैलांनी चाकाचे नट पुन्हा आवळून घ्या.

• मोटरहोम नसेल, तरी आज ऑफिसच्या पार्किंगमध्ये आपल्या कारजवळ दोन मिनिटं वाका. चार आकडे शोधा. डिकीतला स्पेअर विसरू नका. बहुतेक वेळा तोच सगळ्यात म्हातारा निघतो.